अप्पांची पावलं

वडिलांच्या सांगलीच्या स्मार्ट घरानं तीन महिन्यांत ऐंशी हजार नोंदी करून ठेवल्या होत्या. पंखा लागला, पंखा बंद झाला, दूध आलं, दार उघडलं. एवढ्या गर्दीत एखादी महत्त्वाची सूचना हरवायची, म्हणून वृंदा नागपुरात बसून त्या आवरायला लागली.

"रोज रोज येणाऱ्या सगळ्या काढून टाक," तिनं फोनवरून घराला सांगितलं.

"एक विचारू?" घर म्हणालं. "'अप्पांची पावलं' ही नोंदसुद्धा रोजचीच आहे. तीही काढू?"

वृंदा थबकली. अप्पा, तिचे वडील, दीड वर्ष चाकाच्या खुर्चीत होते. तिनं ती नोंद उघडली. पहिल्या दिवशी दोन पावलं, मग पाच, परवा एकोणीस आणि आज एकतीस.

तिनं लगेच अप्पांना फोन लावला. "अप्पा, तुम्ही चालताय?"

"घरानं चहाडी केली वाटतं. तू आलीस की दारात उभं राहून दाखवणार होतो."

वृंदाला हसू आणि रडू एकदमच आलं. "मी शनिवारी येतेय," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं घराला बजावलं, "शनिवारी मी आले की दार आपोआप उघडायचं नाही. अप्पा उघडतील."