पन्नास मिनिटांवर मुंबई

रत्नागिरीहून मुंबईला छोटं विमान सुरू झालं, त्याच आठवड्यात हरिहरराव लिमये विमानतळावर जाऊन वेळापत्रक उतरवून घेऊन आले. त्यांचा मुलगा श्रीधर सहा वर्षांत मुंबईहून घरी फिरकला नव्हता. दरवर्षी त्याचं पत्र येई, ‘एस.टी.चे दहा तास मुलांना झेपत नाहीत, नाहीतर उद्याच निघालो असतो.’

“रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटर, पण विमानाला फक्त पन्नास मिनिटं!” हरिहरराव बायकोला म्हणाले. “चहा घेऊन निघाला, तर न्याहारीला आपल्याकडे.”

“आता काय कारण सांगतो ते बघत्येच मी,” कमलाबाई हसून म्हणाल्या. त्यांनी माळ्यावरच्या गाद्या काढून उन्हात टाकल्या आणि नातवंडांसाठी फणसाची साठं डब्यात भरून ठेवली. हरिहररावांनी अंतर, मिनिटं, सुटायच्या वेळा असं सगळं नीट लिहून मुलाला पत्र धाडलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात हरिहररावांनी ते ओटीवर वाचायला घेतलं.

‘बाबा, विमान सुरू झालं हे फारच छान झालं. आमची जागा लहान, म्हणून तुम्हा दोघांना कधी या म्हणता आलं नाही.



आता सकाळी या, मुलांना भेटा आणि संध्याकाळच्या विमानानं परत जा. तुमच्या राहण्याचा प्रश्नच मिटला.’