अर्ध्या सेकंदाचा उशीर

“मैथिली, नाही गेलीस तर नाही का गं चालणार?” नऊ वर्षांपूर्वी विमानतळावर आबांनी विचारलं होतं. तिनं बॅगेची चेन उगाच उघडली, उगाच लावली, आणि काही न बोलता आत गेली.

आता आखातातल्या अल ऐन शहराच्या विद्यापीठात ती दीडशे वर्षांपूर्वीच्या खगोलशास्त्रज्ञांची पत्रं कॉम्प्युटरवर उतरवते. आज व्हिडिओ कॉलवर हसत म्हणाली, “आबा, तारा दिसल्यापासून वहीत नोंदवेपर्यंत कुणाला किती उशीर होतो, यावर दोघं वीस वर्षं पत्रं लिहीत होते. आणि उशीर केवढा, तर अर्धा सेकंद.”

आबाही हसले. “आणि तुला किती होतो गं?”

 

“नऊ वर्षं, आबा. मला जायचं नव्हतं.”