पाठीवरचा डबा

काळू नदीच्या डोहात वाल्मिक लेकीला पोहायला शिकवत होता. पाठीला रिकामा डबा बांधलेली भाविका हातपाय झाडत खिदळत होती. तेवढ्यात तिची आई हौसा काठावर येऊन उभी राहिली. थोरला दिपेश याच डोहात बुडाला, तेव्हापासून हौसा नदीकडे फिरकली नव्हती.

"रागावू नको गो. हिला तरी पोहता आलं पायजे," वाल्मिक म्हणाला.

हौसा साडी खोचून पाण्यात उतरली. लेकीच्या पाठीवरचा डबा तिने सोडवला, नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे पाठ केली.

"आदी मला शिकवा. दिपेश हाका मारत होता, तवा मी काठावरच उभी होते."