ओकच्या पोटातली खूण

ओहायो नदीकाठच्या तीन हजार एकरांवर दोघांचा दावा होता, ओबेडचा आणि व्हर्जिनियाच्या एका वकिलाचा. आपण चौदा वर्षांपूर्वीच जमीन मोजून घेतली, असं ओबेडचं म्हणणं. त्याच्याच अर्जावरून कोर्टाने मला, मोजणीदाराला, कोपऱ्यावरचा ओक फोडून बघायला पाठवलं. मोजणीच्या वेळी झाडाची साल सोलून मालकांची आद्याक्षरं कोरतात. मग दर वर्षी त्यावर लाकडाचा नवा थर चढतो. थर मोजले की काळ कळतो.

ओबेड गावात गिऱ्हाइकं शोधत असताना जंगलातली ती मोजणी अमासाने केली होती. अमासा गेला, आणि तो भागीदार नव्हताच, रोजावरचा माणूस होता, असं सांगून ओबेडने त्याच्या बायकोला, मेहिताबेलला, वाटा नाकारला. नवरा होता तोवर ओबेड तिला वहिनी म्हणायचा.

ओक फोडायच्या दिवशी ती विणकाम घेऊन तिथे आली होती.

"बाई, तुम्ही कशाला चिखल तुडवत आलात?" ओबेड म्हणाला. "तुमचं काय आहे इथे?"

"बघते आपली," असं म्हणून ती ओंडक्यावर बसली.

थर बरोबर चौदा भरले. वकील घोड्यावर बसला. ओबेडने माझी पाठ थोपटली. मग मी शेवटची ढलपी काढली. आत आद्याक्षरं होती, ओबेडची आणि अमासाची, शेजारी शेजारी.

मेहिताबेल लोकर गुंडाळून उठली. "मोजणीदार, तुकडा कोर्टात जपून न्या हं. ओबेडभावजींचा पुरावा आहे तो."

"बसा ना, वहिनी," ओबेड म्हणाला.