न पाठवलेल्या नोंदी

दिशाने स्कूटर विहिरीपाशी लावली आणि ती जागीच थबकली. कठड्यावर बसून उज्वला हातातल्या मशीनवरून आकडे वाचत होती आणि येसूबाई ते ब्रशने कठड्याच्या चुन्यावर उतरवत होती. रंग निळा. चौदा एप्रिलची कमान रंगवून उरलेला.

“बावीसशे चाळीस.”

“हां, पुढं.”

दिशा तालुक्याच्या कंत्राटदाराकडे कामाला. पाणी तपासायची ही मशिनं गावोगाव दिलेली. सकाळपासून तिने दहा गावांची मशिनं वायर लावून पुसली होती आणि त्यांत नवं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम, भरलं होतं. दहाही गावांच्या जलसुरक्षकांनी पंचायतीत येऊन मुकाट्याने अंगठा टेकवला. अकरावी उज्वला. ती गेलीच नाही. म्हणून दिशाला भर उन्हात बिरवाडीच्या पुढे या बौद्धवाडीपर्यंत यावं लागलं.

“ताई, जुना डेटा पुसल्याशिवाय नवं चढत नाही. आणि अंगठा तुमचाच लागतो. पाच मिनिटांचं काम आहे हो.”

“मला ठाव हाय. बसा जरा. सात राह्यलेत.”

दिशाने वाकून स्क्रीन पाहिली. ‘न पाठवलेल्या नोंदी : ४३’. प्रत्येक नोंदीपुढे लाल अक्षरं, ‘मर्यादेबाहेर. मापक तपासा.’

“अहो, या चुकीच्या नोंदी आहेत. दोन हजारांच्या वरचा आकडा मशीन पाठवतच नाही. मापक बिघडला असं धरतं.”

“वरच्या आळीतल्या विहिरीत बुडवला तर दीडशे दाखवतो. लगेच पाठवतो पन. आमच्याच विहिरीत बरा बिघडतो!”

असा हा शहाणा मापक. दर सोमवारी उज्वला त्याची काडी पाण्यात सोडायची. पाण्यात काय काय विरघळलंय त्याचा आकडा यायचा, जितका मोठा तितकं पाणी वाईट, आणि मशीनच्या पोटात पडून राहायचा. दहा महिन्यांपूर्वीपर्यंतचे चांगले आकडे तेवढे तालुक्याला पोचले होते, त्यांच्या जोरावर विहिरीला हिरवं कार्ड मिळालं होतं. पाणी उत्तम आहे म्हटल्यावर नळाची लाइन वरच्या आळीत येऊन थांबली. खालची चाळीस घरं अजून हेच पाणी पीत होती. उकळलं की पातेल्याच्या तळाला तांबूस थर बसायचा, तो नखाने खरवडावा लागायचा.

“स्क्रीनचे फोटो काढून ठेवा ना मोबाइलवर,” दिशा म्हणाली.

“काढलेत. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हनाले, मोबाइलचा फोटो चालत नाय, मशीनमधून आलं तेच खरं. मशीनमधून तुम्ही जाऊ देत नाय. नि आता तर मशीनच पुसताय.” उज्वलाने मान वर केली. “नव्यात तरी घेतात काय हे आकडे?”

दिशाने सूचनांचा कागद सकाळीच वाचला होता. तिला खोटं बोलता आलं असतं.

“नव्यात... साठवतच नाहीत. दिसतो आणि लगेच स्क्रीन कोरी होते.”

“म्हंजे अजून शहाना केला,” येसूबाई म्हणाली आणि तिने ब्रश डब्यात बुडवला.

उरलेले सात झाले. उज्वलाने अंगठा पदराला पुसला आणि मशीनवर टेकवला. ‘सर्व नोंदी पुसल्या.’ दहा महिन्यांतला एकही सोमवार तिने चुकवला नव्हता. अंगात ताप असतानासुद्धा. तिने मशीन दिशापुढे सरकवलं.

“घाला आता काय घालायचं ते.”

नवं फर्मवेअर चढलं. चाचणीची एक नोंद करावी लागणार होती. उज्वलाने बादली ओढली, काडी बुडवली. सव्वीसशे दहा. पापणी लवेपर्यंत स्क्रीन कोरी.

“काकी, सव्वीसशे दहा.”

“लिवते.”

एवढ्यात मशीनवर ओळ आली, ‘पहिल्या चाचणीसोबत मशीनच्या कॅमेऱ्याने काढलेला जलस्रोताचा फोटो सक्तीचा.’ आणि दिशाचा फोन वाजला. ग्रामसेवक भाऊसाहेब. आवाज तिघींनाही ऐकू येईल इतका मोठा.

“मॅडम, त्या बायांनी कठडा रंगवलाय असं कळलं. तुम्ही असं करा, फोटो पलीकडच्या बाजूने घ्या. हिरव्या कार्डाची विहीर आहे, वर फोटो जातो. मी तुमच्या साहेबांशी बोललोय. तुमचं कंत्राट जूनमध्ये संपतंय ना? बघू आपण.”

दिशा फोन कानाला लावून विहिरीभोवती चालू लागली. निळे आकडे तिच्यासोबत चालले. पूर्ण फेरी मारून ती पुन्हा उज्वलापाशी आली.

“विहीर गोल हाय मॅडम,” उज्वला म्हणाली. “तिला पलीकडची बाजू नाय.”

“हॅलो? मॅडम? ऐकताय ना?”

दिशाने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. मशीन दोन्ही हातांनी धरलं. डोळ्यांसमोर नेलं, मग पुन्हा खाली घेतलं.

“मावशी,” ती येसूबाईला म्हणाली, “जरा बाजूला सरका. शेवटचा आकडा झाकला जातोय.”