नऊपर्यंतच्या नोंदी

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा मरण पावलेले आढळले. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्याप्रमाणे ते पाच वाजता अर्धा पेला पाणी प्यायले होते, सातला दोन घास जेवले होते आणि नऊला शांत झोपले होते.

अक्षर नव्या सेविकेचं होतं, नवीचं.

हसरी त्या खोलीत खुर्ची न्यायला गेली होती. तिने आजोबांना दोनदा हाक मारली, गालाला हात लावला आणि खुर्ची तिथेच टाकून बाहेर आली. चहाच्या खोलीत थोरली आणि नवी बसल्या होत्या. "सात नंबर," एवढंच ती म्हणाली.

वृद्धाश्रमाच्या त्या मजल्यावर दुपारी दोन ते नऊच्या पाळीत या तिघी सेविका. खाटा अठरा, प्रत्येकीच्या वाट्याला सहा. सात नंबर थोरलीकडे. दर तासाला खाटेपाशी जायचं आणि पाहिलं ते लिहायचं, असा नियम होता. रिवाज वेगळा होता. दोनला पाळी सुरू झाली की एकीने अठराही तक्ते नऊपर्यंतचे भरून टाकायचे, म्हणजे दुपार मोकळी.

नवी या गावात आली त्याला सात आठवडे झाले होते. पहिले पाच आठवडे ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत खाटांमागून खाटा फिरली. ती चहाच्या खोलीत आली की थोरली म्हणायची, "पाय खाली घ्या गं, इन्स्पेक्टरीणबाई आल्या." मग गप्पा बंद पडायच्या. पाळी सुटल्यावर त्या दोघी पुढे, ही वीस पावलं मागे. घरी नवरा विचारायचा, कुणाशी ओळख झाली का? ती म्हणायची, होईल.

शेवटी हसरीनेच तिला बाजूला घेतलं. "एकदम लिहून मोकळी हो की. म्हातारे काय पळून जाणारेत?" नवीने त्या दिवशी आपले सहा तक्ते एका दमात भरले. थोरलीने सरकून बाकावर जागा केली. आज पहिल्यांदाच अठराही तक्ते तिच्या हाती दिले होते. "तुझं अक्षर छान आहे, आमचं म्हणजे कोंबडीचे पाय," थोरली म्हणाली होती, आणि नवीला ते दिवसभर पुरलं असतं.

आता थोरलीने कपाटातून कोरा कागद काढला. "चारपर्यंत लिही. पुढचं कोरं ठेव."

"ताई, चारला त्यांच्या खाटेपाशी कुणी गेलं होतं का?"

"चारला पाणी प्यायले, वीस मिनिटांनी गेले. होतं असं या वयात. लिही पटकन, साहेबांना फोन करायचाय."

नवीने लिहिलं. चूक होऊ नये म्हणून सावकाश लिहिलं. अक्षर आणखीच छान आलं. जुना कागद थोरलीने घडी करून कमरेला खोचला.

पाचला डॉक्टर आले. त्यांनी आजोबांची हनुवटी खाली दाबून पाहिली, मान हलवून पाहिली. मग तक्ता वाचला आणि व्यवस्थापकसाहेबांच्या हातात दिला.

"जबडा घट्ट झालाय. तीन तास तरी झाले असतील."

व्यवस्थापकाने तिघींकडे पाहिलं. थोरली चादरीची घडी घालत राहिली. नवीने मनातल्या मनात तास मोजले. दोन वाजून चाळीस मिनिटांनी ती याच खाटेच्या पायथ्याशी वाकून तक्ता लटकवत होती. मान वर करून पाहिलं नव्हतं. अजून अकरा तक्ते हातात होते.

साडेपाचपासून एकेकीला कार्यालयात बोलावलं. हसरी चार मिनिटांत बाहेर आली आणि सरळ बाथरूमकडे गेली. थोरलीला दहा मिनिटं लागली.

"काय सांगितलंत, ताई?" नवीने विचारलं.

"खरं तेच. आज तक्ते तुझ्याकडे होते. खोटं आहे का?"

"पण सात नंबर तर तुमच्या—"

"हळू बोल. आजोबांची मुलगी आलीय."

मुलगी पन्नाशीची होती. दुकानाचा गणवेश अंगावरच होता, छातीवरची नावाची पट्टीही काढायची राहिली होती. ती वडिलांपाशी बसून आली होती आणि तिच्या हातात तक्ता होता. व्यवस्थापकाने बाहेरच्या टेबलावर ठेवलेला, तिने कुणाला न विचारता उचललेला. तिने खालची सही वाचली, मग तिघींपैकी ही कोण ते विचारून घेतलं. जवळ आली आणि नवीचे दोन्ही हात धरले.

"चारला तुम्हीच पाणी पाजलंत ना? मला वाटायचं, ते एकटेच जातील. रोज दुकानात तेच डोक्यात असायचं."

नवीने थोरलीकडे पाहिलं. थोरली खिडकीबाहेर बघत होती.

"शुद्धीवर होते? काही बोलले का?"

"हो," नवी म्हणाली. "तुमचं नाव घेतलं."

मुलीचा चेहरा उजळला. मग तो हळूहळू बदलला. हात तिने सोडले नाहीत.

"कुठलं?" तिने विचारलं. "बाबा मला माझ्या नावाने कधीच हाक मारायचे नाहीत. वेगळंच नाव होतं, फक्त आमच्या दोघांचं. काय म्हणाले ते?"

सहा वाजून पाच मिनिटांनी व्यवस्थापकाने दार उघडून नवीला आत बोलावलं. मुलगी वाटेतून बाजूला झाली नव्हती.