तिसऱ्या मजल्यावरचा तेरडा

“वरून नको, ताई. बुंध्याशी घाला. फुलावर पाणी बसलं की ते सडतं.”

सेक्रेटरीबाईंनी झारी खाली केली. इमारतीच्या बाल्कनी-बाग स्पर्धेच्या त्या परीक्षक होत्या, आणि परीक्षकानेच पाणी घालायचं असा काही नियम नव्हता. पण तिसऱ्या मजल्यावरच्या या बाल्कनीत आलं की त्यांचे हात शिवशिवत.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा दार बऱ्याच वेळाने उघडलं होतं. समोर पन्नाशीचा एक शिडशिडीत माणूस उभा होता, कोपरापर्यंत मातीने माखलेला. इथे नवे भाडेकरू आलेत, एवढंच सेक्रेटरीबाईंच्या कानावर होतं.

“स्पर्धेसाठी नावं घेतेय. तुमची बाग आहे ना?”

त्याने मागे वळून बाल्कनीकडे पाहिलं. “बाग कसली? ही एवढीशी रोपं.”

रोपं खरंच बोटभर होती, आणि उन्हाने माना टाकलेली. “ही कसली जगतात!” असं बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“जगतील,” तो म्हणाला. “तेरडा लगेच रुसतो, पण लगेच मानतोही.”

त्याने कुंड्या कठड्यावरून उतरवून भिंतीच्या सावलीत ओळीने मांडल्या. एका कुंडीचं बुजलेलं भोक काडीने मोकळं केलं. पुढच्या आठवड्यात बाई आल्या तर रोपं ताठ उभी होती आणि हा पठ्ठ्या त्यांचे शेंडे खुडत होता.

“अहो, वाढताहेत तर तोडता कशाला?”

“एक शेंडा खुडला की दोन फांद्या फुटतात. लाडात वाढवलं की नुसतीच उंच होतात, माणसाच्या पोरांसारखी.”

बाई खळखळून हसल्या. तेव्हापासून इमारतीत त्याचं नाव तेरडेभाऊ पडलं.

रोज सकाळी लोक कामाला निघत तेव्हा तेरडेभाऊ जिना चढून येताना दिसत.

“रात्रपाळी असते वाटतं?” बाईंनी एकदा विचारलं.

“तसंच म्हणा.”

“आणि घरी कोण कोण?”

“सध्या मी आणि ही मंडळी.” त्यांनी कुंड्यांकडे बोट दाखवलं. त्यांची आई रोपवाटिकेत कामाला होती, ते तिथेच रांगायला शिकले, एवढं मात्र त्यांनी आपणहून सांगितलं.

मग फुलं आली. गुलाबी, पांढरी, डाळिंबी, आणि एक अशी जांभळी की रस्त्यावरून जाणारा मान वर करून थबकायचा. सुकलेलं फूल तेरडेभाऊ त्याच दिवशी काढून टाकत. पिकलेल्या शेंगेला बोट लावून तिचा फटाका उडवत, आणि स्वतःच दचकून हसत.

“तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“ज्याने म्हण केली त्याने चौथ्या दिवशी पाणी घातलं नसेल.”

घरी जाऊन बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं.

“माझं इतकं कौतुक कधी केलं नाहीस,” तो कुरकुरला.

“तू एक कुंडी तरी जगवलीस? तुझ्या हातून निवडुंग मेला!”

पहिला नंबर कुणाचा, यावर वाद झालाच नाही. पण निकाल ऐकून तेरडेभाऊंचा चेहरा उतरला. “समारंभ? फोटो वगैरे? मला नाही जमायचं, ताई.” त्यांनी खिशातून किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली. “बाहेरगावी निघालोय. रोज सकाळी येऊन पाणी घाला. आणि उन्हात ठेवू नका हं.” जिन्यापर्यंत जाऊन ते परत आले आणि एका कुंडीचं तोंड जरा फिरवून गेले.

समारंभाच्या दिवशी बाई पाणी घालायला वर गेल्या, तर दारात एक मध्यमवयीन बाई घामाघूम होऊन कुलपाशी झटापट करत होती. शेजारी मोठी बॅग.

“माझीच किल्ली माझ्याच दाराला लागेना! कुलूपच कुणीतरी बदललंय.”

“तुम्ही तेरडेभाऊंच्या कोण?”

“कोण तेरडेभाऊ? मी एकटी राहते इथे. कुंड्यांत रोपं लावली नि बहिणीच्या आजारपणात दीड महिना तिकडे होते.”

सेक्रेटरीबाईंनी आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप उघडलं. आतल्या खोलीतलं कपाट फोडलेलं होतं. तिच्या आईचा हार नव्हता, बांगड्या नव्हत्या. ती बाई रिकामे खण पुन्हा पुन्हा उघडून बघू लागली.

“आणि मी मेली त्याला बक्षीस देत होते!” सेक्रेटरीबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज.

तक्रार झाली. काही दिवसांनी इन्स्पेक्टर तिसऱ्या मजल्यावर त्या भाडेकरू बाईंकडे आले.

“सोनार सापडला. दागिने मिळतील. पण तो माणूस नाही सापडला.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “घरातून पुन्हा काही गेलं होतं का? नंतर केव्हा?”

“नाही. नेण्यासारखं दुसरं होतंच काय?”

“तेच तर कळत नाहीये.” इन्स्पेक्टरांची नजर बाल्कनीकडे गेली आणि तिथेच राहिली. “दागिने तर त्याने तुम्ही गावाला गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी विकलेत. मग पकडले जायची जोखीम घेऊन हा माणूस दीड महिना रोज इथे येत कशाला होता?”